वरच्या चार ओळी कोऱ्या

९ जानेवारी

मामा,

पत्राच्या सुरुवातीला ‘तीर्थरूप’ लिहायचं आणि पुढे सगळीकडे ‘आपण’ म्हणायचं, असं शाळेत शिकवलंय. तसं लिहून पाहिलं. वाचल्यावर भलत्याच माणसाला लिहितेय असं वाटलं, म्हणून तो कागद फाडला. माझा नंबर दिसला की तू फोन कट करतोस, आईचा दिसला तर ‘ठीक आहे’ एवढंच म्हणतोस. पत्र कट करता येत नाही. फार तर न फोडता ठेवशील.

तुझ्या वेल्डिंगच्या शेडला सील लागून आठवडा झाला. तू आणि मामी टेम्पोत बसून गेलात त्याला पाच दिवस. आई आता कोपऱ्यावरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जाते. गल्लीच्या समितीतल्या बायका भेटल्या तर ओढणी सारखी करत पुढे निघून जाते.

मामा, अजून सगळं संपलेलं नाही. नोटिशीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय की तीस दिवसांत हरकत घेता येते, मग सुनावणी होते. तू ती बाजू पाहिलीच नाहीस. पुढची बाजू वाचलीस, घडी घालून खिशात टाकलीस आणि ग्राइंडरची वायर गुंडाळायला लागलास. मी फाटकात उभी होते. ‘‘मामा, थांब ना, काहीतरी करू आपण,’’ म्हटलं, तर मान वर न करता म्हणालास, ‘‘केलंत की.’’

ते मला होतं की सगळ्या गल्लीला, हे मी आठ दिवस स्वतःला विचारतेय.

सोबत हरकतीचा अर्ज लिहून पाठवतेय. खाली सही करून परत पाठव, बाकीची धावपळ माझी. तक्रार कोणी केली तेही मी शोधून काढीन. मला त्या गल्लीमागच्या लग्नाच्या हॉलवाल्याचा संशय आहे. त्याला तुझ्या कोपऱ्यावर गाड्या लावायच्या असतात.

तुझी बॅरिस्टर

१८ जानेवारी

मामा,

अर्ज मिळाला. सही आहे, बाकी एक अक्षर नाही. पाकिटावरचा पत्ता मामीच्या हातचा. चालेल.

काल नगर कार्यालयात जाऊन अर्ज दाखल केला आणि तक्रारीची फाइल बघायला मागितली. तिथल्या कारकुनाने आधी मला आपादमस्तक पाहिलं, मग म्हणाला, ‘‘तुमचीच नेमणूक होणार आहे ना इथे? मग बघा, घरचंच आहे.’’ हो, माझी निवड झालीय. तुला सांगायचं राहून गेलं. म्हणजे निवडीचं पत्र आलं त्याच दिवशी तुझी नोटीस आली. फक्त चारित्र्याची पडताळणी बाकी आहे. आपल्या घरातलं पहिलं माणूस टेबलामागे बसणार, म्हणून बाबांनी बस डेपोत सगळ्यांना सांगून टाकलंय.

फाइल बघितली. तक्रार हॉलवाल्याची नाही. आपल्या वसाहत सुधार समितीची आहे. अध्यक्ष म्हणून सरांची सही, आणि मागे दोन पानं भरून गल्लीतल्या लोकांच्या सह्या. तिसऱ्या नंबरला बाबा. चौदाव्या नंबरला तू.

तूच, मामा. तुझी ती सही, शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढून नेतोस ती.

म्हणजे या सह्या तुझ्याविरुद्ध दिलेल्या नाहीत. या गटाराच्या अर्जाच्या सह्या आहेत. तुला आठवत असेल, आपली समिती झाली तेव्हा गल्लीत एकही दिवा नव्हता, सांडपाणी रस्त्यावरून वाहायचं आणि सगळे आपापल्या दारात विटा टाकून उड्या मारत घरात जायचे. मग दर रविवारी सगळे बाहेर पडायला लागले. बाबांनी डेपोतून खडी आणण्याची सोय लावली, शिंपीकाकांनी पडदे शिवावेत तशी रोपांना सावलीची कापडं शिवली, नर्सबाईंनी प्रत्येक घरातल्या पाण्याची टाकी उघडून बघितली आणि तू चाळीस घरांपुढच्या चेंबरची झाकणं करून दिलीस. गल्लीतली फाटकं तर सगळी तुझ्याच हातची. इतकी माणसं इतकी खूश मी एकत्र कधी पाहिली नव्हती. मी चिटणीस होते, तेव्हा मला वाटायचं, पुस्तकात वाचलेलं आपल्या गल्लीत खरं होतंय.

त्या वेळी सह्यांची पाच पानं भरली होती. समितीच्या पद्धतीप्रमाणे सह्या आधी घ्यायच्या आणि मजकूर नंतर वर लिहायचा. गटाराच्या अर्जाला तीन पानं लागली. उरलेल्या दोन पानांवर सरांनी तुझ्या शेडची तक्रार लिहिली. फसवणूक आहे ही सरळसरळ, आणि तशी पुरवणी मी तुझ्या वतीने अर्जाला जोडलीय. तू काळजी करू नकोस. लोकांना कळलं की लोकच उठतील.

सुनावणी १२ फेब्रुवारीला, सकाळी अकरा.

बॅरिस्टर

२९ जानेवारी

मामा,

लोक उठले नाहीत.

मी नवा कागद केला. प्रत्येक पानावर, अगदी वरच्या ओळीपासून ठळक अक्षरात विषय लिहिला: ‘शेडविरुद्धच्या तक्रारीवरील आमची सही गटाराच्या कामासाठी घेतलेली होती, ती त्या तक्रारीस लागू समजू नये.’ आणि घरोघर गेले. तीन संध्याकाळी. तू बनवलेली फाटकं वाजवत.

नर्सबाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाल्या, ‘‘खरं आहे गं बाई, सही मी गटारालाच केली होती. पण मी रात्रपाळी करून येते सकाळी. महिनाभर झाला, डोळा लागतो. तुझ्या मामाचं वाईट वाटतं. पण मला झोपू दे की.’’ कागद परत दिला, वर चहा विचारला.

शिंपीकाका फाटकाबाहेरच आले नाहीत. ‘‘माझ्या घरात तीन मशिनी चालतात. आज त्याच्या बाजूने सही केली तर उद्या सर माझ्या दारात उभे. मला नको मध्ये ओढू.’’ मी म्हटलं, ‘‘काका, म्हणूनच तर करायला हवी.’’ तर म्हणाले, ‘‘तू शिकलेली आहेस, तुला असं बोलता येतं.’’

कोपऱ्याशेजारच्या दुमजलीतली सून सगळ्यांत सरळ बोलली. ‘‘वर कोरं नसतं ना, तरी मी केली असती सही. रस्त्यावर सळया पसरलेल्या, पोरांच्या डोळ्यात ठिणगी जाईल म्हणून जीव मुठीत. किती दिवस सांगायचं? तुमच्या घरचा माणूस म्हणून गप्प होतो.’’

चाळीस घरांतून दोन सह्या मिळाल्या. एक आईची. दुसरी त्या कडेच्या घरातल्या आजोबांची. ते म्हणाले, ‘‘कुठे करायची सांग,’’ आणि वाचायला नकार दिला, म्हणून मीच ती खोडली. म्हणजे एक.

बाबांकडे सगळ्यांत शेवटी गेले. ते बूट पुसत होते. म्हणाले, ‘‘पडताळणी कधी आहे तुझी?’’ मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध. ‘‘संबंध आहे का ते तुला कळतं. सह्या गोळा कोणी केल्या? कोऱ्या कागदावर कोणी केल्या? तेच विचारणार ना ते?’’

मामा, मागच्या पत्रात मी ‘समितीच्या पद्धतीप्रमाणे’ असं लिहिलं. ती पद्धत समितीची नव्हती, माझी होती. सर माझा मसुदा दर वेळी बदलायचे. एक शब्द बदलला की मला परत चाळीस घरं फिरावी लागायची. कोणी पाळीवर, कोणी बाजारात, बाबा तर दिवसभर बसवर. तिसऱ्या खेपेला मला युक्ती सुचली. वरच्या चार ओळी कोऱ्या ठेवायच्या, सह्या एकदाच घ्यायच्या, मजकूर ठरला की वर भरायचा. बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सर म्हणाले, ‘‘पदवीचा उपयोग झाला बघा.’’ मी घरी येऊन आईला दोनदा सांगितलं.

तू एकट्यानेच विचारलं होतंस, ‘‘काय लिहिणार वर?’’ मी म्हटलं, ‘‘मामा, मी लिहिणार आहे. तुझा माझ्यावर विश्वास नाही का?’’ हातमोजा काढून केलीस सही.

तुझी भाची

७ फेब्रुवारी

मामा,

पाच दिवस राहिले. तू येणार की नाही ते कळव. निदान आईला कळव.

मी सरांकडे गेले होते. मला वाटलं होतं ते नजर चुकवतील. त्यांनी शांतपणे पुस्तक मिटलं आणि समोर बसवलं. ‘‘तुझ्या मामाला मी दोनदा सांगितलं, औद्योगिक भागात गाळा बघ, मी शब्द टाकतो. हसण्यावारी नेलं त्याने. चाळीस घरांचं भलं एका घराच्या सोयीपुढे थांबवायचं का? तूच तर समितीच्या उद्घाटनाला बोलली होतीस, ‘व्यक्तीपेक्षा वस्ती मोठी’. मी ते लिहून ठेवलंय.’’

खरं आहे. बोलले होते मी तसं. टाळी पडावी म्हणून वाक्य केलं होतं आणि पडलीही होती.

मी म्हटलं, ‘‘सर, पण सह्या...’’ तर म्हणाले, ‘‘सह्यांचं सोड. मजकूर कोणाचा आहे?’’

हे तुला सांगायचं नव्हतं. तू येण्याआधी नाही, आलास तर नंतरही नाही, असं ठरवलं होतं. पण सुनावणीत मी उभी राहून बोलणार आणि तू तिथे पहिल्यांदा ऐकणार, हे बरं नव्हे.

तक्रारीचा मजकूर माझाच आहे. ऑक्टोबरात सर घरी आले होते. ‘‘हॉलच्या लाउडस्पीकरविरुद्ध एक मसुदा करून ठेव. हॉलचं नाव नको, सर्वसाधारण ठेव. यंत्रांचा आवाज असं घाल.’’ हॉलमध्ये कसली यंत्रं, असं मी विचारलं नाही. क्षणभर मनात आलं, ते मी ढकललं. सर म्हणतात ना, मग असेल काही. मग बसून छान लिहिलं. ‘निवासी भागात दिवसभर चालणारा यंत्रांचा कर्कश आवाज.’ ‘वृद्ध, रुग्ण व बालके यांस होणारा त्रास.’ आणि ‘परीक्षार्थी विद्यार्थ्यांच्या अभ्यासात येणारा व्यत्यय.’

गल्लीत परीक्षार्थी विद्यार्थी कोण होतं, मामा? मीच ना. माझ्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला तू महिनाभर दुपारी ग्राइंडर बंद ठेवलास. आलेली कामं परत पाठवलीस. शेडमध्ये बाज टाकून नुसता पडून राहायचास आणि कोणी विचारलं तर म्हणायचास, ‘‘बॅरिस्टर अभ्यास करतेय.’’ ते माहीत असून मी ते वाक्य लिहिलं. ते वाक्य लिहिताना हॉल माझ्या डोळ्यांसमोर नव्हता. तू होतास, हे आता कबूल करते. तुझा राग नव्हता, शप्पथ. वाक्य चांगलं होत होतं.

आता ठरवलंय. १२ तारखेला मी उभी राहून सगळं सांगणार. कोऱ्या ओळी कोणी ठेवल्या, मजकूर कोणी लिहिला. पडताळणीचं जे व्हायचं ते होईल. नोकरी दुसरी मिळेल. तू फक्त ये.

१३ फेब्रुवारी

मामा,

तू गेलास तिकडे पोचला असशील.

काल घरी आले तेव्हा आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ‘‘बोललीस?’’ म्हणाली. मी नाही म्हटलं आणि आत काय झालं ते सांगितलं. तिने उशीचा अभ्रा उलटा करून सरळ केला, परत घडी घातली. मग म्हणाली, ‘‘तो बोलला नाही ते तुझ्यासाठी. तू बोलली नाहीस ते कोणासाठी?’’

काय झालं तेवढंच लिहिते. तू तिथे होतासच, पण मी कुठे बघत होते ते तुला माहीत नाही.

तू बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलास. इस्त्रीचा शर्ट. मला वाटलं, अधिकारी तुला बोलावण्याआधी मी हात वर करीन. माझ्या मुठीत चार ओळी लिहिलेला कागद होता. तेवढ्यात तो कारकून आत आला, अधिकाऱ्याच्या टेबलावर एक फाइल ठेवली आणि जाताना माझ्याकडे बघून ओळखीचं हसला. माझीच फाइल असेल असं नाही. कुठलीही असेल. पण मला वाटलं माझीच.

अधिकाऱ्याने तुला सह्यांचं पान दाखवलं. ‘‘ही सही तुमची?’’

‘‘माझीच.’’

‘‘स्वतःच्याच शेडविरुद्ध सही केलीत तुम्ही?’’

तू ते पान परत त्यांच्याकडे सरकवलंस.

‘‘हे बघा, अर्जात तुम्ही म्हणता की सही फसवून घेतली. कोणी घेतली? नाव सांगा, मी आत्ता लिहून घेतो.’’

मामा, तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. किती वेळ, मला सांगता येणार नाही. अधिकाऱ्याने पेन टेकवलेलं होतं. उठायला तेवढा वेळ पुरेसा होता. उठणारच होते, असं मी म्हणणार नाही. मी खाली, फरशीच्या जोडाकडे बघायला लागले.

मग तू म्हणालास, ‘‘फसवून कोण घेईल, साहेब? घरचं माणूस आलं होतं सही मागायला.’’

‘‘वाचून केलीत?’’

‘‘वाचता येतं मला.’’

त्यांनी ‘हरकत फेटाळली’ असं लिहिलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाहेर जिन्यात तू पुढे होतास. मी मागून ‘मामा’ म्हटलं. तू थांबलास, वळला नाहीस, म्हणालास, ‘‘खालची पायरी तुटलीय, जपून ये.’’ आणि निघून गेलास.

शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. ही तुझ्याविषयी तक्रार नाही, तसं वाचू नकोस.

२५ फेब्रुवारी

मामा,

हे पत्र तू फोडशील असं धरून लिहीत नाहीये. पण आत दोन कागद आहेत, ते तुझे आहेत.

पहिला कागद म्हणजे अधिकाऱ्यांना दिलेल्या माझ्या निवेदनाची प्रत. जे त्या दिवशी बोलले नाही ते सगळं त्यात लिहिलंय. परवा दिलं. कारकुनाने पोच दिली आणि म्हणाला, ‘‘निकाल लागल्यावर हे कशाला? फक्त तुमच्याच फाइलला लागेल.’’ मी म्हटलं, लावा. तुला त्याचा काही उपयोग नाही, हे मला माहीत आहे. शेड परत उघडत नाही. माझं काय होईल ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

दुसरा कागद म्हणजे समितीच्या इतिवृत्ताचं पान. त्याची हकीकत सांगते.

काल बैठक होती, सरांच्या ओसरीवर. नऊ जण. पहिला विषय सुनावणीचा वृत्तांत नोंदवणे, दुसरा तुझ्या कोपऱ्यावर बसवायच्या बाकांचा रंग. चिटणीस म्हणून वृत्तांत मी लिहून नेला होता आणि उभी राहून वाचला. ‘गटाराच्या कामासाठी वरच्या चार ओळी कोऱ्या ठेवून घेतलेल्या सह्या समितीने शेडविरुद्धच्या तक्रारीस जोडल्या. ही कोरी जागा ठेवण्याची पद्धत चिटणीसाने सुचवली. तक्रारीचा मजकूर चिटणीसाने लिहिला. शेडच्या मालकाची सही फसवून घेण्यात आली.’

मला वाटलं आरडाओरडा होईल. तयारीने गेले होते. शिंपीकाका म्हणाले, ‘‘बरोबरच आहे की, असंच झालं.’’ नर्सबाईंनी मान डोलावली. दुमजलीतल्या सासऱ्यांनी ‘बाकांना हिरवा नको, लवकर मळतो’ म्हणून पुढचा विषय काढला. सगळ्यांना सगळं आधीपासून माहीत होतं, मामा. मी त्यांना एवढे दिवस काय सांगत फिरत होते?

मग सर म्हणाले, ‘‘वस्तुस्थिती आहे, नोंदवू. फक्त एक शब्द बदल. ‘फसवून’ काढ, ‘गैरसमजातून’ घाल.’’

मी म्हटलं, ‘‘गैरसमज कोणाचा झाला होता, सर?’’

‘‘मुली, हे पुस्तक कार्यालयात तपासणीला जातं. फसवून म्हटलं की फसवणारा आला. सह्या मागायला मी नव्हतो गेलो. तुझ्या भल्याचं सांगतोय.’’

आणि ते खरंच माझ्या भल्याचं सांगत होते, तेच तर आहे. ते वाईट माणूस असते तर मला सोपं गेलं असतं. ‘‘नको करू हट्ट,’’ नर्सबाई म्हणाल्या, ‘‘मामाचं झालं ते झालं, आता तुझंही कशाला?’’ शिंपीकाका म्हणाले, ‘‘शब्दच तर आहे.’’

मी म्हटलं, शब्द राहील. सर म्हणाले, मग मत घेऊ. ‘गैरसमजातून’ घालावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.

हात मोजणं हे चिटणीसाचं काम. मी उभ्याउभ्याच मोजायला लागले. सर, शिंपीकाका, नर्सबाई, दुमजलीतले, मग बाकीचे तिघे. सात झाले. बाबा खाली मान घालून टोपी गुडघ्यावर फिरवत बसले होते. मी पेन टेकवलं. मला वाटलं, सात विरुद्ध दोन. तुझ्या मेव्हण्याने आणि भाचीने, दोघांनी हात वर केला नाही. निदान एवढं तुला लिहून पाठवता येईल.

‘‘सात,’’ मी म्हटलं.

‘‘थांब,’’ बाबा म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. टोपी खाली ठेवली आणि हात वर केला, बसमध्ये वरचा दांडा धरल्यासारखा सरळ, आणि मी आकडा लिहीपर्यंत तो खाली घेतला नाही.

सोबतच्या पानावर मूळ शब्द आहे. पुस्तकात नाही. पुस्तकात माझ्या अक्षरात ‘गैरसमजातून’ आहे आणि त्याखाली: बाजूने आठ, विरुद्ध एक.